लाल दोऱ्यातली आठ बुचं

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गॅझेलचं इंजिन चालू झालं. गरम झाल्यावरही ऑइलचा दिवा विझलेलाच राहतो, खाली थेंब पडत नाही आणि क्लच दाबला की पुढची पुली जागची सरकत नाही. तुम्ही हेच तीन प्रश्न विचारणार, म्हणून उत्तरं आधी दिली. पुढचं मात्र तुम्ही विचारणार नाही, आणि सातपूरला तुमच्या क्रँक ग्राइंडिंगच्या शेडमध्ये समोर उभं राहून बोलायला लागलो तर हात पुसत मशीनकडे वळाल. म्हणून ते लिहून कळवतो, आणि चारचौघांत लिहितो. नाशकात जुन्या गाड्या सांभाळणारी माणसं बरीच आहेत. चांगलं काम कसं दिसतं ते त्यांनाही कळू दे.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. स्टँडर्ड गॅझेल मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने 1972 ते 1977 या काळात बनवली. हेराल्डचंच ते पुढचं रूप, आणि बोनेटखाली तेच 948 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) 63 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 76 मिमी. इंजिनाचं मूळ आणखी जुनं, 1953 च्या स्टँडर्ड एटमधलं 803 सीसीचं. बोअर वाढवून ते 948 झालं, स्ट्रोक तोच राहिला. क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा, तीनच मेन बेअरिंगवर (मुख्य आधारांवर) फिरतो. इंजिन साधं आणि काटक आहे, पण त्याची एक दुखरी जागा आहे. ती ठाऊक नसलेल्या हातात इंजिन गेलं की नुकसान ठरलेलं.

ती जागा म्हणजे थ्रस्ट वॉशर. क्रँक पुढे-मागे सरकू नये म्हणून मागच्या मेनच्या दोन्ही अंगांना अर्धचंद्राकृती एक-एक वॉशर असतो. तोही फक्त वरच्या, ब्लॉककडच्या अर्ध्या भागात. खालच्या कॅपला काहीच नाही. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि सगळा भार मागच्या वॉशरवर येतो. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर तो आणखी लवकर झिजतो. झिजून पातळ झाला की खाचेतून निसटून सरळ संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, पडतो. मग क्रँक ब्लॉकलाच घासायला लागतो, आणि हा ब्लॉक आज कुठल्या दुकानात मिळत नाही. तपासणी पाच मिनिटांची आहे. इंजिन बंद ठेवून एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने पुढची पुली बघायची. पुली डोळ्यांना दिसेल इतकी सरकली तर गाडी त्याच दिवशी उभी करायची. चार ते आठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) एंड फ्लोट, म्हणजे क्रँकची पुढे-मागे हालचाल, चालतो, आणि तेवढा डोळ्यांना दिसत नाही. नशीब एवढंच की हे वॉशर बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही. संप आणि मागची कॅप काढली की काम होतं.

ही गोष्ट तुमच्याआधी दोन ठिकाणी सांगितली होती. दोन्ही ठिकाणी होकाराची मान हलवली गेली.

पहिल्या वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर कपाटातच राहिला. क्रँकपिना, म्हणजे कनेक्टिंग रॉड जिथे जोडतात ते क्रँकचे गोल भाग, बोटाने चाचपल्या आणि "वीस मारून टाकू" असा निकाल लागला. शेल (पिनेभोवती बसणारे बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) हातात नव्हते, कुठल्या मापाचे मिळणार तेही माहीत नव्हतं. तरी पिना वीस थाऊने उतरवल्या, आणि उतरवताना पिन जिथे वेबला, म्हणजे क्रँकच्या बाजूच्या जाड पाकळीला, मिळते तिथला गोल रेडियस खाऊन टाकला. कोपरा काटकोनात आला. क्रँक तुटतो तो नेमका तिथून. प्रत्येक फेऱ्यात पिन किंचित वाकते, तो ताण गोलाईत पसरतो आणि धारेच्या कोपऱ्यात साठतो. मग बारीक तडा जातो, आणि एक दिवस हायवेवर क्रँकचे दोन तुकडे. त्या माणसाला हे माहीत नव्हतं असं मानायला मन तयार नाही. त्याच्या ग्राइंडिंगच्या चाकाचा कोपरा गोल घासलेला नव्हता आणि घासायला अर्धा तास लागला असता, एवढंच कारण. मेनपर्यंत त्याचा हात पोचला नाही हे त्या क्रँकचं नशीब.

दुसऱ्या ठिकाणी वॉशर उलटे बसवले. त्यांच्या ज्या बाजूला तेलाच्या खाचा असतात आणि मऊ धातू असतो, ती बाजू क्रँककडे हवी. इथे ती ब्लॉककडे गेली आणि पोलादी पाठ क्रँकवर. इंजिन हातानेच थोडं फिरवलं होतं, तरी क्रँकच्या घासत्या तोंडावर गोल ओरखडे उमटले. विचारलं तर उत्तर मिळालं, "जुन्या गाडीला एवढं बघत नाहीत." हे वाक्य नाशकातल्या किती गॅरेजांत ऐकू येतं! जुन्या गाडीला उलट जास्त बघावं लागतं, कारण तिचा सुटा भाग परत मिळणार नसतो.

मग क्रँक तुमच्याकडे आला. तुम्ही पहिल्या दिवशी मशीन चालूच केलं नाही. तीन मेन, चार पिना, प्रत्येकीची चार मापं: दोन टोकांना आणि दोन दिशांनी. एकूण 28 आकडे. पिन सगळीकडून सारखी झिजत नाही. जळणाचा धक्का ज्या बाजूला बसतो ती बाजू जास्त जाते आणि पिन लंबगोल होते, म्हणून एकाच दिशेने घेतलेलं माप काही सांगत नाही. मेन अर्ध्या थाऊच्या आत गोल निघाले. "याला हात लावायचा नाही, नुसतं पॉलिश," म्हणालात. समोर चालून आलेलं काम तुम्ही परत पाठवलंत आणि बिलात मेनपुढे शून्य लिहिलंत. पिनांना मात्र इलाज नव्हता. रेडियस परत आणायला वीसवरून तीसवर जावं लागलं. तीसच्या पुढचे शेल मिळणं जवळपास अशक्य, म्हणजे पहिल्या वर्कशॉपने त्या क्रँकचं एक अख्खं आयुष्य खाल्लं. तेही तुम्ही शांतपणे, कुणाला नावं न ठेवता सांगितलंत.

आणि "आधी शेल आणा, मग क्रँक" हे तुमचं म्हणणं सगळ्या गॅरेजांच्या भिंतीवर लावावं असं आहे. छापील माप तीसचं असलं तरी खोक्यातला शेल कॅपमध्ये कसून बसवून, आतला व्यास मोजून, त्यातून दीड थाऊ तेलाची जागा सोडून तुम्ही प्रत्येक पिनेचं अंतिम माप ठरवलंत. क्रँकच्या तोंडावरचे ओरखडे जातील एवढंच धातू काढलंत आणि तेवढी भर घालायला पाच थाऊ जाड वॉशर मागवायला लावलेत. बसवल्यावर एंड फ्लोट सहा थाऊ आला. तुम्ही सांगितलेला आकडा सहाच होता.

पण हे पत्र त्या सहा थाऊंसाठी नाही.

क्रँक घ्यायला आलो तेव्हा तो तेलकट कागदात गुंडाळून लाकडी फळीवर ठेवलेला होता. कागद उलगडला तर तेलाच्या प्रत्येक भोकात लाकडाचं एक छोटं बूच. मेनमधून पिनांकडे तेल नेणाऱ्या चार तिरक्या वाटा असतात: पुढच्या मेनमधून एक, मधल्यातून दोन, मागच्यातून एक. चार वाटांची आठ तोंडं, म्हणून आठ बुचं. तासून गुळगुळीत केलेली, तंतू सुटू नयेत म्हणून मेणात बुडवलेली, आणि सगळी एकाच लाल दोऱ्यात ओवलेली. शेजारी वहीच्या पानावर पेन्सिलने सातही जर्नलची, म्हणजे तीन मेन आणि चार पिनांची, मापं आणि खाली एक ओळ: "बुचं आठ आहेत. आठ मोजल्याशिवाय क्रँक बसवू नये."

ज्यांनी कधी इंजिन बांधलेलं नाही त्यांना हे फार मोठं वाटणार नाही, म्हणून कारण सांगतो. ग्राइंडिंग झालं की दगडाची बारीक पूड त्या तिरक्या वाटांत जाऊन बसते. वरून पुसून ती जात नाही. इंजिन पहिल्यांदा चालू झालं की तेलाचा दाब ती पूड बरोबर नव्या शेलवर आणून सोडतो. शेलचा धातू मऊ, पूड त्यात रुतते आणि तिथून पुढे पॉलिश पेपरसारखी पिन घासत राहते. काही शे किलोमीटरमध्ये महागडे शेल आणि नवी पिन दोन्ही गेले, आणि दोष येतो इंजिन बांधणाऱ्यावर. तुम्ही त्या वाटा लांब ब्रशने, रॉकेलने, मग दाबाच्या हवेने साफ केल्यात, आणि सातपूर ते घर एवढ्या रस्त्यातली धूळसुद्धा आत जाऊ नये म्हणून बुचं ठोकलीत. बूच चुकून आतच राहिलं तर त्या पिनेला तेल बंद, म्हणून दोरा. दोऱ्यावरही विसंबून राहायचं नाही, म्हणून चिठ्ठी.

ओझरला विमानांच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाचा हा हात आहे हे ओळखू येतं. विमानाच्या कामात उघडी राहिलेली प्रत्येक नळी झाकतात आणि झाकणं मोजून परत घेतात. पण तिथे ती शिस्त लावायला वर साहेब असतो, नोंदवही असते. इथे तुमच्या शेडमध्ये तुम्ही एकटे. क्रँक नुसता फडक्यात गुंडाळून दिला असतात तरी कुणी शब्द बोललं नसतं. तुम्ही कुणाच्या तरी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात कॅप आवळत बसणाऱ्या, तुम्हाला न दिसणाऱ्या हाताचा विचार केलात. आधीच्या दोन ठिकाणी झालेला मनस्ताप त्या दोऱ्याने धुऊन काढला. कागद उलगडल्यावर बराच वेळ बोलता आलं नाही, ते कदाचित तुमच्या लक्षात आलं असेल. नसेल तर आता कळवतो.

अशी माणसं या शहरात अजून आहेत, हे सांगायला हवं. भांडी बाजारातल्या एका दुकानात तांब्याचे जुने वॉशर लाल करून, पाण्यात विझवून मऊ करून मिळाले. पैसे विचारले तर नकाराची मान हलली. सिन्नर फाट्याजवळच्या एका हार्डवेअरवाल्याने इंची पान्यांसाठी गोदाम उपसलं. या इंजिनाचे नट इंची आहेत. अर्ध्या इंचाच्या नटाला 13 मिमीचा पाना लागल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे गोल करतो. सभ्यपणा हा असा, दुसऱ्याचा नट गोल होऊ नये म्हणून स्वतःची दहा मिनिटं घालवण्यात दिसतो.

बाकीचं काम तुमच्या सांगण्याप्रमाणे झालं. संपच्या पुढच्या टोकाचा ॲल्युमिनियमचा सीलिंग ब्लॉक नवा टाकला, कारण जुन्याच्या आट्या नेहमीप्रमाणे गेल्या होत्या. त्याच्या दोन्ही खाचांतल्या लाकडी पट्ट्या ठोकून पृष्ठभागाला समतल कापल्या. त्या जरा वर राहिल्या तर संप बसत नाही, खाली गेल्या तर गळती. मागे रबरी सील नाही, क्रँकवरच्या उलट्या आट्या तेल आत परतवतात. म्हणून तिथलं घर बसवताना चारही बाजूंनी सारखी फट फिलरने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) बघितली, मगच बोल्ट आवळले. पिस्टनच्या रिंगांची फट दहा थाऊ, बोअरच्या दर इंचाला चार या हिशेबाने. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळची, फट थंड इंजिनावर दहा थाऊ, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही. मग प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवला. त्यानंतरच 1-3-4-2 च्या, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या, क्रमाने वायरी लावल्या.

पाचशे किलोमीटर झाले की ऑइल बदलायचं आहे आणि एंड फ्लोट पुन्हा मोजायचा आहे. त्या दिवशी गाडी तुमच्या दारात आणतो. पुली तुम्ही धरा, क्लच इकडून दाबतो.

बुचं परत हवीत का ते तुम्ही सांगितलं नव्हतं. रॉकेलने धुऊन, त्याच लाल दोऱ्यात ठेवली आहेत, आठ, मोजून. येताना ती घेऊन येईन. चिठ्ठी मात्र देणार नाही. ती इंजिनाच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवली आहे.

आपला,
गॅझेलवाला