प्लासिबो वाट्याला आलेल्यांना

सप्रेम नमस्कार,

नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये तुमच्या वाट्याला औषध नसलेली, पण हुबेहूब तशीच दिसणारी गोळी आली. ती तुम्ही रोज घेतलीत, रक्त-लघवी द्यायला ठरल्या तारखेला आलात. आज किडनीच्या रुग्णाला डापाग्लिफ्लोझिन लिहून देताना आमचा हात कचरत नाही, तो तुमच्यामुळे.

या औषधाच्या, 2020 मध्ये निकाल आलेल्या डापा-सीकेडी चाचणीत 4,304 जण होते, त्यांत भारतातलेही. निम्म्यांना 10 मिलिग्रॅमची गोळी, निम्म्यांना प्लासिबो. किडनीला जपणारी बीपीची नेहमीची औषधं दोन्हीकडे जवळपास सगळ्यांना चालू होती. पहिल्या 2 आठवड्यांत चित्र उलटंच दिसलं: औषधवाल्यांचा ईजीएफआर (किडनी किती वेगाने गाळते याचा अंदाजे आकडा) सरासरी 4 ने घसरला, तुमचा 1 ने सुद्धा नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तर हे औषध किडनीला घातक ठरवून मोकळे झालो असतो. त्यानंतर मात्र त्यांची घसरण वर्षाला 1.67, तुमची 3.59. शेजारी तुमची रेघ होती, म्हणून त्यांच्या रेघेचा अर्थ लागला.

असं होतं कारण किडनीच्या गाळणीतून उतरलेली साखर पुढच्या नळीत सोडियमसोबत परत शोषली जाते. औषध ही वाट अडवतं. जास्तीचं सोडियम पुढे पोचलं की तिथल्या पेशी गाळणीत रक्त आणणारी वाहिनी किंचित आवळायला लावतात आणि गाळणीवरचा दाब उतरतो. आकडा आधी पडतो, पण गाळणी जास्त वर्षं टिकते. म्हणूनच रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं गाळणं मंदावलं की वाढणारा घटक) थोडं वाढलं तरी गोळी स्वतःहून बंद करू नका, असं आम्ही ठामपणे सांगतो. ईजीएफआर 30 टक्क्यांहून जास्त पडला, तर शरीरात पाणी कमी झालंय का, लघवीची गोळी जास्त होतेय का, हे आधी बघतो. उलट्या-जुलाब किंवा कडक उपास असेल तेवढे दिवस गोळी थांबवायची. ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी किमान 3 दिवस.

फॅटी लिव्हरवरच्या रेसमेटिरॉमच्या चाचणीतल्या 966 पैकी तुम्ही 321 जण. हे औषध लिव्हरच्या पेशींतल्या, थायरॉइड हार्मोनचा संदेश घेणाऱ्या एका ठरावीक रिसेप्टरला जागं करून साठलेली चरबी जाळायला लावतं. 52 आठवड्यांनी बायोप्सीत सूज गेलेली दिसली ती 100 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 29.9 टक्क्यांत, आणि तुमच्यापैकी 9.7 टक्क्यांत. म्हणजे दहातला जवळपास एक औषधाविनाच सुधारला! तुम्ही नसता तर त्याचंही श्रेय गोळीने घेतलं असतं. मार्च 2024 मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. दहातल्या सात जणांची सूज तिनेही जात नाही, हेही तुमच्याच चाचणीने दाखवलं.

बायोप्सी म्हणजे बरगड्यांमधून सुई घालून काढलेला सुतासारखा बारीक तुकडा, आणि मग काही तास हलायचं नाही. पहिल्यांदा सुई टोचून घेतल्यावर ते कसं असतं हे कळूनही तुमच्यातले बहुतेक जण वर्षाने दुसऱ्यांदा आलात. त्या दुसऱ्या सुईचे आभार वेगळे.

आपले ऋणी,
किडनी आणि लिव्हरच्या रुग्णांवर उपचार करणारे आम्ही डॉक्टर