आत्मविश्वास की माज?

मा. संपादक,

आपल्याकडे पोरगं जरा छाती काढून बोललं की लगेच 'डोक्यात हवा गेली' म्हणतात, त्यावरून लिहावंसं वाटलं. नॉर्वेचा बुद्धिबळपटू कार्लसन २००४ मध्ये आइसलँडच्या रेक्याविकला १३ वर्षांचा असताना दिग्गज कास्पारोव्हसमोर रॅपिड, म्हणजे कमी वेळाचं बुद्धिबळ, खेळत होता, आणि कास्पारोव्ह विचारात बुडलेला असताना हा पठ्ठ्या उठून दुसऱ्यांचे पट बघत फिरत होता. तो डाव ड्रॉ झाला, पुढचा हरला, पण घाबरला नाही ना! त्याच देशातला, बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंग शर्यतींतला नॉर्थुग तर कहरच, मागे मागे राहून दुसऱ्यांना दमू द्यायचं आणि शेवटच्या काही मीटरमध्ये सुसाट पुढे, २०११ ला ओस्लोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रिलेत तर फिनिश लाइनच्या अलीकडे चक्क थांबला, स्वीडनवाल्याला चिडवायला. हे मला पण आवडलं नाही, खरं सांगते. पण जिंकला तोच.

याउलट नॉर्वेचाच दुसरा स्कीइंगवाला क्लेबो, लहानपणापासून आजोबांच्या हाताखाली शिकलेला, २०२५ ला नॉर्वेतल्याच ट्रोनहाइमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सहापैकी सहा गोल्ड, तेही घरच्या लोकांसमोर. तितका मिरवत नाही, पण चढावर तो पळायला लागला की बाकीचे उभेच असल्यासारखे वाटतात.

आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख? ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म (स्पर्धेतल्या ठरावीक कामगिरीचा टप्पा) नसताना २०२५ चा बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप घेऊन आली, फायनलला समोर आपलीच अनुभवी कोनेरू हम्पी! १९ व्या वर्षी. तिलाही कोणीतरी 'जरा सबुरीने घे' म्हटलं असेलच की.

– एक वाचक, ठाणे