पुढच्या सत्राआधी स्टार्ट-स्टॉपचा सराव करून या

सभासदहो, लॅडर लॉजिक (पीएलसी या औद्योगिक कंट्रोलरची शिडीसारखी दिसणारी प्रोग्रॅमिंग भाषा) नव्याने शिकणाऱ्यांनी मोटर स्टार्ट-स्टॉपचा प्रोग्रॅम सिम्युलेटरवर स्वतः लिहून आणावा. कॉपी नको, चुकलेला चालेल.

गेल्या वेळी बहुतेकांची गाडी स्टॉप बटणापाशी अडली. हे बटण वायरिंगमध्ये एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेलं) असतं, म्हणजे न दाबताही इनपुट चालूच दिसतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये त्याचा कॉन्टॅक्ट एनओ (नॉर्मली ओपन, इनपुट चालू असतानाच जोडला जाणारा) घ्यायचा. उलटं वाटतं खरं, पण वायर तुटली तर मोटर थांबते ती यामुळेच. स्टार्टला समांतर मोटरचाच कॉन्टॅक्ट लावून लॅच करा, म्हणजे स्टार्ट सोडलं तरी मोटर चालू राहील.

एकच कॉइल (ओळीच्या शेवटचं आउटपुट, इथे मोटर) दोन ठिकाणी लिहू नका. स्कॅन (कंट्रोलरचं प्रोग्रॅम वाचणं) वरून खाली जातो आणि शेवटची ओळ जिंकते. टायमर नंतर बघू.

आणि हो, इमर्जन्सी स्टॉप नुसत्या प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडायचा नसतो.