पब्लिक पॉलिसी : होकार कळवण्याआधी

नमस्कार मंडळी,

एमपीपीच्या (मास्टर ऑफ पब्लिक पॉलिसी) दोन-तीन ऑफर हातात असलेल्यांसाठी ही आठवण. रविवारी रात्री ८ वाजता कॉल आहे. त्याआधी रँकिंगचे स्क्रीनशॉट बाजूला ठेवा आणि ऑफर लेटर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. स्कॉलरशिप एकाच वर्षाची आहे की दोन्ही, हे बहुतेकदा तिथेच दडलेलं असतं. मी ते वाचलं नव्हतं; दुसऱ्या वर्षी बाबांना पुन्हा बँकेत जावं लागलं.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी कोर्सचा सीआयपी कोड (विषयाचा तिथला सरकारी क्रमांक) आत्ताच ईमेल करून विचारा. कोड स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित) यादीत असेल तर १२ महिन्यांच्या ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करण्याच्या परवानगीवर, आणखी २४ महिने मिळू शकतात, नसेल तर १२ वरच गाडी थांबते. एकाच विद्यापीठात साध्या एमपीपीचा आणि डेटावाल्या पॉलिसी डिग्रीचा कोड वेगळा असू शकतो. तिथल्या केंद्र सरकारच्या नोकऱ्या बहुतांशी नागरिकांनाच मिळतात, हेही धरून चाला.

ऑक्सफर्डच्या ब्लाव्हाट्निक स्कूलचं एमपीपी एका वर्षात उरकतं, म्हणून खर्च आटोपशीर. पण मधल्या उन्हाळ्याची इंटर्नशिप नाही. शिवाय १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्याचा) दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच. बर्लिनच्या हर्टी स्कूलमध्ये शिकवणं इंग्रजीत, मात्र नोकरी शोधताना बऱ्याचदा जर्मन लागतं.

कॉलला येताना फी, भाडं आणि विमा एका कागदावर रुपयांत मांडून आणा. डॉलरमध्ये सगळं स्वस्तच वाटतं!