'आलो' की 'आले' असं विचारणाऱ्या मॅडमना

नमस्कार मॅडम,

गेल्या महिन्यात तुम्ही ठाण्याच्या तलावपाळीवर दिसलात. कणीस भाजून घेत होतात. तुमचा नियम मला पाठ आहे: उपचाराच्या खोलीबाहेर कुठे गाठ पडली तर तुम्ही आपणहून ओळख दाखवणार नाही, म्हणजे 'या कोण?' या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ माझ्यावर येणार नाही. मी हसलो तरच तुम्ही हसणार. माझ्यासोबत ऑफिसातले दोघे होते. मी हसलो नाही. तुम्ही कणसावर लिंबू चोळून घेतलंत आणि गडकरी रंगायतनच्या बाजूला निघून गेलात. कळव्याला घरी पोचेपर्यंत मला ते टोचत राहिलं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. या वेळी ओळख मी दाखवतोय. नावं मात्र नकोत, तुमचंही आणि माझंही.

जुलै 2022 मधला तो गुरुवार. रबाळ्याहून ट्रान्सहार्बरने ठाण्याला उतरलो तेव्हा पाऊस असा होता की गोखले रोडवर छत्री नुसती शोभेला. नौपाड्यातला तुमचा जिना, खाली चष्म्याचं दुकान. त्या दुकानासमोरून तीनदा पुढे गेलो, तीनदा परत आलो. ठाण्यात वाढलेल्या माणसाला मनाच्या डॉक्टरकडे जाणं सोपं नसतं. 1901 पासून आमच्या गावात मनोरुग्णालय आहे आणि 'याला ठाण्याला न्यायला पाहिजे' हा विनोद अख्ख्या मुंबईने आमच्या तोंडावर केलेला आहे. (ठाणेकर हसतात. दुसरं काय करणार?)

आत आल्यावर तुमचा पहिला प्रश्न होता, "स्वतःबद्दल बोलताना तुम्ही 'आलो' म्हणता की 'आले'?"

बत्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी ट्रान्स पुरुष: जन्मल्यावर सगळ्यांनी मुलगी म्हटलं, आतून मात्र मी पुरुष. इंग्रजीत बोलणारी माझी मित्रमंडळी 'आय वेन्ट' म्हणून मोकळी होतात. मराठीत आधी मी कोण ते सांगावं लागतं, मग कुठे गेलो ते. मी त्यावर तोड काढली होती. 'मी चहा घेतला', 'मी काम केलं' ही वाक्यं सुरक्षित, कारण तिथे क्रियापद चहाच्या नि कामाच्या मागे जातं, माझ्या नाही. जाण्यायेण्याची, उठण्याबसण्याची वाक्यं मी टाळायचो. 'जाणं झालं', 'बसणं झालं' असं काहीतरी बोलायचो. वर्षानुवर्षं मी नुसता सकर्मक माणूस होतो. (भविष्यकाळ बरा. 'मी येईन' कुणीही म्हणावं.) तुमच्या ते वीस मिनिटांत लक्षात आलं. "वाक्य बोलायच्या आधी तुम्ही ते मनात तपासून घेता का?" असं तुम्ही विचारलंत आणि मला रडू फुटलं. व्याकरणावरून रडलेला मी बहुधा तुमचा पहिलाच.

"माणूस बघून दोन्ही म्हणतो," मी सांगितलं.

"आणि इथे?"

"आलो."

तुम्ही वहीत लिहिलंत आणि काहीच बोलला नाहीत. ती शांतता मला अजून आठवते.

याआधी एकदा माझ्यावर 'उपचार' झाले होते, ते तुम्हाला तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी कळलं. 2009 साल, मी एकोणीस वर्षांचा. घरच्यांनी एका तज्ज्ञांकडे नेलं. तिथे गोळ्या होत्या आणि गृहपाठ होता: रोज संध्याकाळी साडी नेसून आरशासमोर पंधरा मिनिटं. गुण येईना, तेव्हा गावाकडच्या नातेवाइकांच्या माळ्यावर अकरा दिवस. बाहेरून कडी. जेवणाच्या वेळी ती निघायची आणि पुन्हा लागायची. बाकीचं इथे लिहीत नाही. त्यानंतर तेरा वर्षं कुठेही कडी वाजली की माझी बोटं गार पडायची.

हे ऐकल्यावर तुम्ही उठलात आणि केबिनचं दार दाखवलंत. "कडी आतून आहे. लावून बघा, काढून बघा." त्या दिवसापासून दाराजवळची खुर्ची माझी झाली. टेबलावर एक लाल पेन असायचं. ते आडवं केलं की विषय बंद, कारण सांगायचं नाही. आणि मग दोन महिने तुम्ही माळ्याचं नावही काढलं नाहीत. मला राग यायचा, हे तेव्हा बोललो नाही. सहाशे रुपये देऊन (तुमची खरी फी मला माहीत होती, तुम्ही माझ्यासाठी कमी केली होतीत) आपण झोपेबद्दल आणि रात्रीच्या चहाबद्दल बोलतोय! एकदा न राहवून विचारलंच, तेव्हा तुम्ही जुडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचे तीन टप्पे सांगितलेत. आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत येणं. मी बांधकामाचे नकाशे काढतो हे लक्षात ठेवून तुम्ही म्हणालात, "कॉलमला ताकद यायच्या आधी स्लॅब टाकाल का?" त्यावर मी काय बोलणार?

श्वासाचा किस्सा मात्र सगळ्यांना सांगण्यासारखा आहे. घाबरल्यावर खोल श्वास घ्या, छातीकडे लक्ष द्या, हे तर हल्ली बँकेच्या ट्रेनिंगमध्येही सांगतात. पण माझी छाती हीच माझी अडचण होती. त्यात वरून बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायचं घट्ट कापड. त्याखाली खोल श्वास जातच नाही, उलट जीव घाबरतो. आधीच्या एका ठिकाणी हे न जमल्यामुळे मी 'सहकार्य करत नाही' असं ठरलं होतं. तुम्ही दोन मिनिटांत रस्ता बदललात. छाती सोडा, तळवे घ्या. पायाखाली फरशी गार आहे का? भिंतीला पाठ टेका, भिंत किती ढकलते? दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी पावणेसातला वासाच्या दोनच सांगायच्या हे कठीण असतं, ते सोडा.

मग ईएमडीआर, आघाताच्या आठवणींवरचा एक उपचार. नाव ऐकून मला मशीन वाटलं होतं. फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन बाईंना 1987 मध्ये बागेत फिरताना जाणवलं की डोळे डावीकडे-उजवीकडे फिरत असताना त्रासदायक विचाराची धार कमी होते. त्यातून पुढे आठ टप्प्यांची पद्धत झाली. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या त्रासासाठी जे उपचार सुचवले त्यांत ती आहे. डोळे हलवल्याने नेमकं काय होतं यावर संशोधकांत वाद आहेत, हेही तुम्ही लपवलं नाहीत. माझा विश्वास बसला तो बहुधा तिथेच. मला डोळ्यांनी चक्कर यायची, म्हणून थोपटायचं ठरलं. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून आलटून-पालटून थोपटायची 'फुलपाखराची मिठी' असते. 1997 च्या चक्रीवादळानंतर मेक्सिकोतल्या अकापुल्कोमध्ये लुसिना आर्तिगास यांनी ती वापरात आणली. माझे हात वर उचलले गेले आणि मध्येच थांबले. "गुडघे," तुम्ही म्हणालात, इतक्या सहज की जणू पद्धत मुळात गुडघ्यांचीच होती.

आठवण धरा. त्रास शून्य ते दहात किती? नऊ. तिच्यासोबत स्वतःबद्दल कोणतं वाक्य येतं?

"मी बिघडलेली आहे."

आपण दोघंही थांबलो. इतके महिने त्या खोलीत मी एकदाही 'ली' म्हटलं नव्हतं. "हे वाक्य कुणाच्या आवाजात आहे?" तुम्ही विचारलंत. मॅडम, तेरा वर्षं मी ते वाक्य स्वतःचं समजून सांभाळलं होतं. त्याच्या शेपटावरून कळलं की ते माझं नव्हतंच, माझ्या खिशात कुणीतरी टाकलं होतं. त्याच्या जागी काय हवं, म्हणालात. 'मी सुटलो.' किती खरं वाटतं, एक ते सातात? एक.

पुढचा प्रश्न अवघड होता. माळ्यावर कोण आहे, तो की ती? 'ती' म्हणवेना. 'तो' म्हणावं तर त्या वेळी तो कुणालाच दिसत नव्हता, मला धरून. मी म्हणालो, "ते. ते पोर." आपल्या भाषेत ही एक सोय आहे. पोर, लेकरू, मूल यांना काही सिद्ध करावं लागत नाही. मग कित्येक गुरुवार तुम्ही तेच विचारत राहिलात. ते पोर काय करतंय? ते कौलांच्या फटीतला उजेड बघतंय. त्याला भूक लागलीय? लागलीय, पण ताट आलं की कडी पुन्हा लागणार हे त्याला माहीत आहे, म्हणून ते सावकाश जेवतंय. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाही ते तिथे बसेपर्यंत ठाऊक नव्हतं. मी अजून सगळ्यांत शेवटी जेवून उठतो, ते यामुळे.

"आजचे तुम्ही तिथे गेलात तर?"

"कडी काढेन."

"मग?"

"म्हणेन, चल, कुंजविहारचा वडापाव खाऊ."

तुम्ही हसला नाहीत. "खाल्ला त्याने?" असं विचारलंत. नऊचे दोन झाले, शून्य आजही नाही. 'सुटलो' सहापर्यंत गेलं.

त्याच सुमारास मी विचारलं होतं, ते पूर्वीचे उपचार मला का लागू पडले नाहीत. तेव्हा तुम्ही सांगितलंत की 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी माणसाची ओळख बदलू पाहणाऱ्या अशा प्रकारांविरुद्ध आदेश दिला आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. परीक्षेत नापास झालो असं इतकी वर्षं वाटत होतं, आणि कळलं की पेपरच बोगस होता.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. तुम्ही माझ्या प्रत्येक भीतीला 'चुकीचा विचार' म्हटलं नाहीत. स्टेशनवरच्या पुरुषांच्या स्वच्छतागृहात जायला मला भीती वाटते, ती काही माझ्या डोक्यातून आलेली नाही. संशोधक इलान मायर यांनी 2003 मध्ये सविस्तर मांडलेली 'मायनॉरिटी स्ट्रेस'ची कल्पना तुम्ही मला उलगडून सांगितलीत: तिरकस नजरा, नकार, लपवाछपवी आणि सतत सावध राहणं यांचाच एक वेगळा ताण साचतो. 2012 मध्ये हेंड्रिक्स आणि टेस्टा यांनी ती ट्रान्स माणसांना लावून दाखवली. मग आपण कागदावर दोन रकाने केले, 'माळ्याची भीती' आणि 'स्टेशनची भीती'. पहिली विरघळवायची. दुसरीसाठी बेत करायचा: कुठलं ठिकाण, कुठली वेळ, कुणाला फोन. तो कागद माझ्या पाकिटात आहे, घडीवर फाटलाय.

नातेवाइकांत बोललं जातं की 'त्या बाईने डोक्यात भरवलं'. त्यांनी एकदा तुमच्यासमोर बसावं. दोन वर्षांत तुम्ही मला हार्मोन घ्या म्हणाला नाहीत आणि घेऊ नका असंही नाही. ऑपरेशन करू का, असं मी थेट विचारलं तेव्हा म्हणालात, "तुम्हाला हवंय, की कुणाला तरी उत्तर द्यायचंय?" मी चिडलो. नंतर आठ महिने थांबलो, आणि हवंच होतं. ऑपरेशनसाठी लागणाऱ्या तुमच्या पत्रासाठी मला लहानपणच्या खेळण्यांची रंगवलेली कहाणी सांगावी लागली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात, जे 2022 च्या जानेवारीपासून लागू झालं, ट्रान्स असण्याचा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलाय, ते पान तुम्ही मला स्क्रीनवर दाखवलं होतंत. मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला. तिने अंगठा पाठवला. वाचलं नसणार.

आता छातीवर हात ठेवता येतात. फुलपाखरू जमतं. पण सवय गुडघ्यांचीच लागलीय.

एक तक्रार राहिलीच. तुमच्या केबिनमधलं ते बॅटरीवरचं कारंजं शांत अजिबात वाटत नाही, सारखी लघवीला जायची आठवण होते. पुढच्या माणसासाठी तरी बंद करा.

आईबद्दल तुम्ही नेहमी विचारायचात. पूर्वी ती 'जेवलीस का?' म्हणायची. मग माझी दाढी आली आणि तिची पंचाईत झाली. 'जेवलास' तोंडातून निघेना. आता गेलं वर्षभर ती 'जेवण झालं का?' म्हणते. म्हणजे माझीच जुनी युक्ती, तिने आपली आपण शोधून काढली. परवा ती शेजारच्या काकूंशी बोलत होती आणि मी आतल्या खोलीत होतो. "तो आत्ताच आला," ती म्हणाली. मग बराच वेळ खोकली.

तुमचा,
गुरुवारचा साडेसहाचा