गाडी धुवा, पण घाटावर नको

मा. संपादक साहेब,

रविवार आला की पंचगंगा घाटावर गाड्या धुणारे दिसतातच, आणि साबण, ग्रीस, ऑइल सगळं सरळ नदीत. अहो, दोन बादल्या पाण्यात गाडी घरी दारात मस्त निघते की, त्याला नदी कशाला पायजे?

आता ऊसाचा सीझन चालू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागनं चिखल उडतो तो वेगळा, पण चाकावर जी काळी पूड बसते ती नुसती धूळ नसते, ब्रेक पॅड आणि डिस्क घासून लोखंडाचे बारीक कण उडतात आणि गरम गरमच चिकटून बसतात, मग लोकं वैतागून बाथरूमचं अॅसिड ओततात आणि अलॉय चाकावरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, जाऊन पांढरे डाग पडतात ते कायमचे. चाक आधी गार होऊ द्या, कारशाम्पू लावून मऊ ब्रशनं जाळीच्या आतपर्यंत घासा, आणि चाकाचं फडकं बॉडीला अजिबात लावू नका, त्यातल्या कणांनी पेंटवर ओरखडे उठतात. कपड्याची पावडर पण नको, पेंटवरचं वॅक्स उतरतं. एका बादलीत शाम्पू, दुसरीत फडकं पिळायला साधं पाणी. उन्हात धुतली तर पाण्याचे डाग राहतातच, म्हणून सकाळीच उरका आणि मायक्रोफायबरच्या मऊ फडक्यानं लगेच पुसा.

घाटावर दंडाचा बोर्ड लावून भागत नाय, महापालिकेनं रविवारी तिथं माणूस उभा करावा.

- एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर