काकू, माझा हात खाली आणल्याबद्दल

प्रिय काकू,

सा. नमस्कार.

दिवाळीनंतरच्या रविवारी, 10 नोव्हेंबर 2024 ला, माझ्या हनुवटीवरचे केस विजेच्या सुईनं घालवण्याचं काम संपवून, भिंगाचा दिवा बाजूला सारून तुम्ही म्हणालात, "आता येऊ नकोस." इतक्या आनंदानं मला आजवर कुणी हाकललं नव्हतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतून चालतच स्टँडवर आले, सांगलीच्या गाडीत खिडकीशी बसले आणि थेट हातकणंगल्यापर्यंत रडले. शेजारच्या आजींनी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून हातावर ठेवला. सासरी निघालेय असं वाटलं असणार त्यांना.

तोंडावर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय. उघड लिहितेय, कारण हनुवटीवर हात ठेवून बसणाऱ्या बायका मला आता लांबून ओळखू येतात. एसटीत, लग्नाच्या पंगतीत, शिक्षकांच्या प्रशिक्षणात. विचारात गढल्यासारख्या दिसतात त्या. विचार एकच चाललेला असतो, समोरच्याला दिसलं की नाही. तुमचं नाव घालत नाही. "रांग आहे तेवढी बास" असं तुम्हीच म्हणता.

माझा हात एकोणिसाव्या वर्षी वर गेला. हनुवटीवर आधी दोन केस, मग सात, मग मोजणं सोडलं. गल्लीतल्या पार्लरवाल्या ताई दोरा ओढता ओढता म्हणायच्या, "काही नाही गं, उपटून टाकायचं." आत्या म्हणाली, लहानपणी डाळीच्या पिठानं चोळलं नाही म्हणून झालं, आणि आई बिचारी वर्षानुवर्षं तो दोष स्वतःकडे घेऊन बसली. ज्या डॉक्टरीणबाईंकडे पाळी चुकते म्हणून गेले, त्यांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, "लग्न झालं की सगळं जागेवर येतं." कुणाच्या लग्नानं कुणाचे संप्रेरक जागेवर येतात हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. मी विज्ञान शिकवते, म्हणून विचारतेय.

मग लेसर. मोठ्या शहरातली चकचकीत जागा, सहा बैठकांचं पॅकेज, पैसे हप्त्यानं. काउंटरवरच्या मुलीनं टॅबवर माझी सही घेतली, पण पाळीबद्दल अवाक्षर नाही. तिसऱ्या बैठकीनंतर हनुवटीखाली भाजल्याचे दोन तपकिरी डाग, आणि चौथीनंतर जबड्याच्या कडेला, जिथे नुसती लव होती, तिथे काळे केस. तक्रार केली तर उत्तर आलं, "मॅडम, तुमची बॉडीच तशी आहे." मी ते खरं मानलं. सांगायला लाज वाटते, पण मानलं.

कोरोनात सगळे मास्कला शिव्या घालत होते तेव्हा मी एकटीच सुखात होते. शाळा सुरू झाल्या, मास्क गेले, माझा राहिला. "बाईंना ॲलर्जी आहे" असं मुलं एकमेकांना सांगायची.

अशी मी 2023 च्या जानेवारीत तुमच्या जिन्यावर उभी होते. डाव्या हाताची मूठ हनुवटीला टेकलेली. तुम्ही "या" म्हणालात, हात धुतलेत, मास्क काढायला सांगितलात आणि भिंगातून नीट, सावकाश पाहिलंत. चेहऱ्यावर ना कीव, ना किळस. माझा गवंडी मामा भिंतीला आलेली ओल अशीच बघतो. आणि मग विचारलंत, "पाळी कशी आहे? वजन अचानक वाढलं? आवाज बदललाय?" त्या दिवशी तुम्ही सुई हातातसुद्धा घेतली नाहीत. रक्ततपासण्या करून या, टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, आणि कागद घेऊन अमुक डॉक्टरांना भेटा. "मी आहेत ती मुळं घालवीन. पण रक्तातलं कारण तसंच राहिलं तर ते मागून नवी लव जाड करत राहील, आणि तुम्ही जन्मभर माझं घर चालवाल." पैसे विचारले तर म्हणालात, "बघायचे कसले पैसे?"

पुढच्या भेटीचा निरोप होता, तीन दिवस आधी दाढी करून या. दाढी! हा शब्द माझ्या बाबतीत तोवर फक्त नववी ब च्या मागच्या बाकावरून आला होता. तुम्ही तो "भांडी घासून ठेव" इतक्या साधेपणानं उच्चारलात. वर कारणही दिलंत. तीन दिवसांत जे वर येतात ते वाढीतले केस, त्यांचं मूळ खाली जिवंत, रसदार असतं. विश्रांतीतला केस कापला तसाच बसून राहतो, त्याच्यावर वीज खर्च करण्यात फारसा अर्थ नाही. आणि ब्लेडनं केस जाड होत नाहीत. टोक बोथट होतं म्हणून राठ लागतो. हे मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या बाईंनी 1928 मध्येच मोजून दाखवलं होतं, अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये. त्याच गावात 1875 मध्ये चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणीचे आत वळलेले, बुबुळाला घासणारे केस विजेच्या सुईनं कायमचे घालवले, आणि तुमच्या धंद्याची सुरुवात झाली. म्हणजे ट्रॉटरबाईंच्या मोजणीलाही शंभर वर्षं होत आली, तरी माझ्या आत्यापर्यंत बातमी पोचलेली नाही.

आता ती गोष्ट लिहिते जिच्यासाठी हे पत्र आहे.

पहिल्या बैठकीला मी खुर्चीत आडवी झाले. थंडी होती, साडेआठ वाजले असतील. तुमच्या यंत्राला दोन वायरी, एकीला सुई, दुसरीला पितळी दांडा, तो रुग्णानं हातात धरायचा. माझा डावा हात अर्थातच हनुवटीवर. तुम्ही "हात काढा" म्हणाला नाहीत. दांड्याला गुंडाळलेलं फडकं कोमट पाण्यात भिजवून पिळलंत, मग तो दांडा स्वतःच्या दोन्ही तळव्यांत धरून बसलात. बाळाला तेल लावण्याआधी आजी हात चोळते ना, तशा. मिनिटभर तरी. मला कळेना काय चाललंय. मग माझी मूठ अलगद सोडवलीत, ऊबदार दांडा तिच्यात दिलात आणि म्हणालात, "गार लोखंड हातात आलं की माणूस दचकतं. धर. ह्या हाताला आता काम आहे, तो इथंच राहू दे."

तिथेच "तुम्ही"चं "तू" झालं. तुमच्या लक्षातही नसेल.

काकू, चौदा वर्षं त्या हाताला एकच काम होतं, झाकणं. त्याला दुसरं काम देणारं कुणी भेटलं नव्हतं. हात खाली घे म्हणणारे खूप भेटले. फोटोग्राफर, मुलगी बघायला आलेली मंडळी, आमचे आधीचे मुख्याध्यापक.

आणि मग माझी जी फजिती झाली ती सांगायलाच हवी. तुम्ही पेडल दाबलंत, मला मुंगी चावल्यासारखं झालं, आणि मी विचारलं, आत होतं काय? तुम्ही म्हणालात, "मिठाच्या पाण्यात वीज सोडली की काय होतं?" मी, जी दरवर्षी फळ्यावर विद्युत अपघटन शिकवते, ऋणाग्र, धनाग्र, बाण काढून दाखवते, ती मी गप्प! सुई म्हणजे ऋणाग्र. मुळाजवळच्या ओलाव्यात मीठ आहे, पाणी आहे. सोडियम हायड्रॉक्साइड तयार होतो, कॉस्टिक सोडा, आणि तो केस घडवणाऱ्या पेशींना संपवतो. खाली ओल जास्त, वर कातडी कोरडी, म्हणून काम खाली होतं आणि वरची त्वचा वाचते. हातातला दांडा धनाग्र, तिथे थोडं आम्ल बनतं, त्यासाठी ते ओलं फडकं. परीक्षेत पाच मार्कांना विचारावं असं सगळं माझ्या हनुवटीत चाललं होतं.

त्या बावीस महिन्यांत तुमच्या खुर्चीत मी जेवढं शिकले तेवढं बी.एस्सी.ला शिकले नाही. केसांची मुळं आईच्या पोटातच ठरतात, नंतर एकही नवीन होत नाही. बाप्याच्या आणि बाईच्या हनुवटीवर ती साधारण सारखीच असतात. म्हणजे माझ्या तोंडावर काही "उगवलं" नव्हतं. होती तीच लव पुरुषी संप्रेरकाच्या हाकेला ओ देऊन जाड, काळी आणि खोल झाली होती. ती एकदा तशी झाली की गोळीनं सहसा मागे फिरत नाही, नवी थोपवता येते. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मुळाचं चित्र काढून दिलंत, ते माझ्या पर्समध्ये आहे. तळाशी कांद्यासारखा गोळा, त्याच्या पोटात रक्त पुरवणारं टोक, आणि वर, थंडीत काटा आणणारा स्नायू जिथे चिकटतो तिथे एक फुगवटा. "खालचं नुसतं जाळून भागत नाही. हिथं केसाचं बी जपून ठेवलेलं असतंय. ते राहिलं तर परत येतंय."

दोऱ्यानं आणि चिमट्यानं वर्षानुवर्षं ओढून माझी कितीतरी मुळं वाकडी झाली होती. सरळ सुई वाकड्या बिळात कशी जाणार? म्हणून तुम्ही एकेका केसाचा कोन बघत बसायचात, कातडी दोन बोटांनी ताणून. केस सुटून यायला हवा, उपटून नाही, हा तुमचा हट्ट. चिमट्याला ओढ लागली की "नाही झालं" म्हणून परत. पहिल्यांदा नीट सुटलेला केस तुम्ही भिंगाखाली धरून मला दाखवलात, मुळाशी काचेसारखा पारदर्शक लिबलिबीत थर. चौदा वर्षं जिला शत्रू मानलं ती वस्तू एवढी सुबक असेल असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा केस दिसले तेव्हा मी फोनवर तुमच्यावर चिडले होते. त्याची माफी मागते. "ते परत आलेले नाहीत, ते झोपलेले होते, आता उठलेत," एवढंच म्हणालात आणि रविवारची वेळ दिलीत. केस वाढतो, मागे सरतो, विसावा घेतो, आणि प्रत्येकाची पाळी वेगळी. घरातली सगळी माणसं एकाच वेळी दारात कशी सापडतील? सर्वेक्षणाला घरोघर हिंडलेल्या शिक्षकाला हे वेगळं सांगायला नको होतं.

लेसरवाल्यांना मी तुमच्यासमोर मनसोक्त शिव्या दिल्या, तुम्ही मात्र दिल्या नाहीत. लेसर काळा रंग शोधतो, गोऱ्या कातडीवरच्या काळ्या केसाला छान लागतो. आपली कातडीच सावळी, तिच्यातही तोच रंग, त्यामुळे यंत्र जपून लावावं लागतं. त्यात पीसीओएस, म्हणजे पाळी चुकवणारा तो अंडाशयाचा, संप्रेरकांचा बिघाड असेल तर चेहऱ्यावर कधी कधी उलटं होतं, लव जाड होते. "यंत्राचा दोष नाही, विचारलं नाही हा दोष." सुईला रंग कळत नाही. डाग मात्र आपल्या कातडीवर लवकर पडतो, म्हणून खपली काढायची नाही, उन्हात तोंड बांधून जायचं. माझे ते दोन तपकिरी डाग तुमच्याकडे येता येता फिकटले.

माणुसकी म्हटलं की लोकांना रक्तदान शिबिर आठवतं, पुरात होडी घेऊन गेलेली पोरं आठवतात. ते आहेच, आमच्या सांगलीनं 2019 च्या पुरात ते भरभरून पाहिलंय. पण रोजच्या धंद्यात, पाठीला रग लागलेली असताना, दिवसाच्या सहाव्या गिऱ्हाइकासाठी पितळेचा दांडा तळव्यात धरून बसणं? मी बघितलंय, तुम्ही माझ्यानंतरच्या मुलीसाठीही ते केलंत. त्यानं ना दर वाढतो, ना केस लवकर जातो. आमच्या गाडीचा एक कंडक्टर म्हातारं माणूस बसल्याशिवाय घंटी देत नाही, तसंच हे. अशा माणसांच्या फोटोखाली हार दिसत नाही, आणि ज्यांच्या दिसतो त्यांच्या कचेरीत मी तासन् तास उभी राहिलेली आहे. असो. भरकटले.

शेवटी एक सांगायचं राहिलं. 2019 च्या विधानसभेला मला मतदान केंद्रावर शाईचं काम होतं. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावली आणि मधेमधे सवयीनं हात वर. रात्री घरी आले तर हनुवटीवर काळेनिळे ठसे. ती शाई घासून जात नाही, आठ-दहा दिवस तसंच शाळेत गेले. मागचा बाक खूश होता.

परवा 20 तारखेला, यंदाच्या विधानसभेला, पुन्हा ड्युटी, पुन्हा शाईच. शेकडो अनोळखी माणसं हातभर अंतरावरून गेली. मास्क नव्हता. रात्री साडेनऊला मतपेट्या, म्हणजे आता यंत्रं, जमा करून घरी आले. मोरीतला दिवा लावला आणि आरशात बघितलं. बोटं काळी झाली होती, अंगठ्याची पेरंसुद्धा. हनुवटीवर एकही डाग नव्हता.

तुमची,
सांगलीची बाई

ता. क. भडंग पाठवतेय, तिखट कमी घालायला सांगितलंय.